घट जाते कुठे?



चांदीची उपकरणी घरच्या घरी कशी उजळावीत, यावर मागे लिहिलं होतं. त्यानंतर बऱ्याच जणींनी एकच प्रश्न विचारला: जुनं सोनं किंवा चांदी मोडायला नेली की सराफ जी घट धरतो, ती खरी असते का? एका ओळीत उत्तर द्यायचं तर काही खरी असते, काही भावातली असते. पण त्या निमित्ताने मी वाचत गेले आणि मला मूळ प्रश्नापेक्षा दुसराच प्रश्न मोठा वाटायला लागला. घट जाते कुठे? सोनं काही कापरासारखं उडून जात नाही. मग दहा तोळ्यांतलं जे गुंज-दोन गुंज कमी होतं, ते कुणाच्या हाती लागतं, आणि कसं?

आधी घट म्हणजे काय ते बघू. आपल्या दागिन्यात नुसतं सोनं नसतं. तांबं असतं, चांदी असते, जोडकामाची भर असते. पोकळ दागिन्यात लाख असते, आणि वर्षानुवर्षांचा मळ असतो. दागिना मुशीत घातला की लाख आणि मळ जळतो, हलक्या धातूंचा काही भाग जळून राखेत जातो. ही घट सोन्याची नव्हेच. पण थोडं सोनंही बारीक कण होऊन मुशीला चिकटतं, राखेत पडतं. कानस मारताना भुगा उडतो, तो जमिनीवर, चटईवर, कारागिराच्या कपड्यांत आणि नखांत जातो. म्हणून जुन्या सोनारांच्या दुकानात केर बाहेर टाकत नसत. हात धुतलेलं पाणीसुद्धा एका भांड्यात साठवत. चटई फाटली की ती जाळून तिची राख ठेवत. हा केर विकला जायचा, आजही जातो. त्याला गिऱ्हाईक असतं, कारण त्यातून सोनं काढणारी माणसं असतात.

या माणसांचा इतिहास शोधताना सुरुवातीलाच आपला एक श्रावक भेटतो.

त्याचं नाव ठक्कुर फेरू. हरियाणातल्या कन्नाणा गावचा, श्रीमाळ कुळातला जैन, खरतरगच्छाचा अनुयायी. आपल्यापैकी ज्यांच्या घरी वास्तूची किंवा मंदिरबांधणीची जुनी पुस्तकं असतील, त्यांनी ‘वास्तुसार’ हे नाव ऐकलं असेल. ते प्राकृत पुस्तक याचंच, १३१५ सालचं. पण पोटापाण्यासाठी हा माणूस दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या दरबारी कामाला होता. त्याच वर्षी त्याने ‘रत्नपरीक्षा’ लिहिली, आणि सुलतानाच्या खजिन्यातली रत्नं डोळ्यांनी पाहिल्याचा अनुभव त्यामागे आहे. पुढे अल्लाउद्दीनचा मुलगा कुतुबुद्दीन मुबारक शाह गादीवर असताना, १३१८ साली, त्याने ‘द्रव्यपरीक्षा’ लिहिली. दिल्लीच्या टांकसाळीत काम करून जे शिकला, ते त्यात आहे.

‘द्रव्यपरीक्षा’ हे नाण्यांचं पुस्तक. हिंदुस्थानभरच्या दोनशेहून जास्त प्रकारच्या नाण्यांची त्यात नोंद आहे: कुठलं नाणं, वजन किती, त्यात सोनं-चांदी किती, बदलून काय मिळेल. गुजरातची नाणी आहेत, माळव्याची आहेत, आणि आपल्या देवगिरीचीही आहेत. १२९६ साली अल्लाउद्दीनने देवगिरीवर धाड घातली आणि रामदेवराव यादवाचा खजिना दिल्लीकडे गेला, हे आपण शाळेत शिकलो. पण त्या खजिन्याचं पुढे काय झालं असेल? लढाईतून आलेली परमुलखाची नाणी टांकसाळीत जायची. कुणीतरी ती तपासायची, वितळवायची, त्यातलं शुद्ध किती आणि भेसळ किती ते ठरवायचं. फेरू हे काम जाणणारा माणूस होता. म्हणूनच त्याच्या पुस्तकात नाण्यांच्या यादीआधी धातू शुद्ध करण्याच्या आणि कस काढण्याच्या रीती येतात.

त्या काळी चांदी शुद्ध करायची मुख्य रीत शिशाची होती. भेसळीची चांदी शिशाबरोबर राखेच्या खोलगट भट्टीत वितळवायची आणि वरून भात्याने वारा घालायचा. शिसं आणि तांबं वाऱ्याने जळतं, त्याचं मुर्दाडशिंग होतं आणि ते राखेत मुरतं. चांदी जळत नाही. ती मागे गोळा होऊन राहते आणि शेवटी अचानक लखकन चमकते. ती चमक दिसली की काम झालं.

फेरूच्या ग्रंथांचीही एक गोष्टच आहे. त्यातल्या बऱ्याच ग्रंथांची एकच हस्तलिखित प्रत शिल्लक होती, चौदाव्या शतकातच नकललेली. ती कलकत्त्याच्या एका जैन ग्रंथभांडारात नाहटा घराण्यातल्या अगरचंद आणि भंवरलाल या विद्वानांना सापडली आणि १९६१ साली जोधपूरहून मुनी जिनविजयजींच्या देखरेखीखाली छापली गेली. सहाशे वर्षं ती पानं कुणीतरी वाळवीपासून, पाण्यापासून जपली. श्रुतपंचमीला आपण शास्त्रं बाहेर काढून झटकतो, नवी वेष्टनं घालतो. ते करताना मला आता हमखास फेरू आठवतो.

मला या माणसाचं अप्रूप वाटतं ते आणखी एका कारणासाठी. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतले दोन म्हणजे हीनाधिक मानोन्मान, म्हणजे खोटी मापं, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्याच्या नावावर नकली खपवणं. नाण्याच्या बाजारात हे दोन्ही रोज घडायचं. फेरूचं सगळं पुस्तक त्यांच्या विरुद्ध उभं आहे. गरीब माणसाच्या हातात पडलेलं नाणं खरं किती, हे लिहून ठेवणं हे नुसतं टांकसाळीचं काम नव्हे, त्याला मी व्रताचंच काम म्हणेन.

फेरूनंतर पावणेतीनशे वर्षांनी अकबराच्या टांकसाळीचं वर्णन अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त केलं. त्यात दरोगा आहे, सराफ आहे, वजनदार आहे, ठसे कोरणारा आहे. आणि या सगळ्यांच्या खाली, यादीच्या शेवटाकडे, आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

सोन्यातून चांदी वेगळी काढायला सोन्याचे पातळ पत्रे करत. क्षार आणि विटांची भुकटी यांच्या थरांत ते रचून वर शेण्या पेटवत. मंद आचेत क्षार सोन्यातल्या चांदीला खेचून घेतो आणि ती राखेत उतरते. असं अनेकदा केलं की सोनं बावनकशी होतं. पण आता चांदी त्या राखेत आहे. सोन्याचे कणही इकडे-तिकडे राखेत गेलेले आहेत. मग न्यारिया नावाचा कारागीर येतो. न्यारा म्हणजे वेगळा, तो वेगळं करणारा. दोन-दोन शेर राख घेऊन तो पाण्यात धुतो, जड सोनं तळाशी बसतं. तळाच्या गाळात शेराला सहा मासे पारा घालून घोटतो. पारा सोन्याला धरतो. मग ते बंद भांड्यात तापवायचं, पारा वाफ होऊन निघतो, सोनं उरतं.

इतकं झाल्यावरही टांकसाळीच्या जमिनीवर धूळ उरतेच. त्यासाठी खाकशोय, म्हणजे धूळ धुणारा, आहे. तो टांकसाळ झाडतो, केर घरी नेतो, धुतो आणि त्यावर पोट भरतो. अबुल फजल नोंदवतो की यांच्यातल्या काहींचा धंदा चांगलाच चालायचा. बादशहा त्याला झाडण्याचा पगार देत नव्हता. उलट झाडण्याच्या हक्काबद्दल त्याच्याकडून महिन्याला साडेबारा रुपये घेत होता! केराची किंमत राजाला बरोबर कळत होती.

महाराष्ट्रात हे काम करणाऱ्यांना झारेकरी म्हणत. सोनारांच्या पेठेतली गटारं, दुकानांपुढची माती, भट्टीतली राख ते विकत घ्यायचे आणि लाकडी परातीत पाण्याने झारत बसायचे. दिवसभर ओणवं बसून, गटाराच्या पाण्यात हात घालून, शेवटी तांदळाच्या कणीएवढं सोनं. आपल्या पणज्यांच्या पाटल्या-बांगड्यांची घट यांच्या परातीत गेली, आणि आपल्या एकाही कुलवृत्तांतात यांचं नाव नाही.

आता आपल्या सांगली जिल्ह्याकडे येते. खानापूर, आटपाडी, विटा हा भाग दुष्काळी. पाऊस नाही म्हणून तिथली माणसं बाहेर पडली आणि एका धंद्यात देशभर पसरली, तो म्हणजे सोन्या-चांदीची गलाई. तमिळनाडूत, केरळात, बंगालात, उत्तर प्रदेशात, कुठल्याही सराफ कट्ट्याजवळच्या बोळात जा, विट्याकडचं मराठी बोलणारा गलाईवाला भेटतो. सराफांकडचं जुनं सोनं, चांदी, राख, केर घ्यायचा, गाळायचा, शुद्ध करून परत द्यायचा.

गलाईवाल्याचं हत्यार म्हणजे तेजाब. ही युक्ती स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते. मीठ आणि रवा एकत्र झाला तर आपण काय करू? पाणी घालू. मीठ विरघळेल, रवा खाली राहील. तसंच इथे. शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक अॅसिडमध्ये, चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं विरघळत नाही. पण सोनं जास्त असेल तर ते चांदीला वेढून बसतं आणि तेजाब आत पोहोचत नाही. म्हणून आधी मुद्दाम चांदी मिसळतात, सोनं चौथाईवर आणतात, आणि मग उकळतात. तळाशी राहतो तो काळपट तपकिरी भुगा. सोन्याचा वाटणारच नाही असा, पण वितळवला की पिवळाधमक. विरघळलेल्या चांदीच्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या ठेवल्या की तांबं विरघळतं आणि चांदी बाहेर पडते. मीठ टाकलं तर दह्यासारखा पांढरा साका बसतो, त्यातूनही चांदी काढता येते. आणि सोनंच विरघळवायचं असेल तर नायट्रिक आणि त्याच्या तिप्पट हायड्रोक्लोरिक असं मिश्रण लागतं, त्याला अम्लराज म्हणतात. त्यात हिराकस घातला की सोनं भुग्याच्या रूपात तळाशी बसतं.

वाचायला हे सोपं आहे. करणाऱ्याला तसं नाही. तेजाबात धातू पडला की तांबूस-तपकिरी धूर निघतो. तो छातीत गेला की लगेच काही वाटत नाही, पण काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. रोज थोडा थोडा गेला तर दम जडतो.

आमच्या शेजारी एक काकी राहतात. लग्न होऊन तमिळनाडूत गेल्या आणि बावीस वर्षं तिथे राहिल्या. पुढच्या खोलीत संसार, मागच्या खोलीत गलाई. मी त्यांना खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, “अगं, खिडकीचे पडदे सहा महिन्यांत विरून जायचे. पितळेचा डबा आज घासला की परवा हिरवा. तेव्हा वाटायचं, गावची हवाच तशी आहे. पडद्याला जे होतंय ते माणसालाही होत असेल, असं कधी मनात आलं नाही.” त्यांचे यजमान साठीच्या आत गेले. शेवटची चार वर्षं त्यांना जिना चढवत नव्हता. काकींच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्या कमाईवर दोन मुलं शिकली, गावी विहीर झाली, घर बांधलं. पण त्यांनी मला जे विचारलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. “तुमच्यात तर मुंगीसुद्धा चुकवता. मग सोनं गाळायला देताना हे कधी कुणी सांगत नाही का गं?”

मैत्रिणींनो, आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाला संकल्पी हिंसा पूर्ण वर्ज्य, बाकीच्यांत शक्य तेवढी यतना. उद्योगी हिंसा म्हणजे धंद्यातली. आपण म्हणतो, तो त्याचा धंदा, त्याचं पाप-पुण्य त्याच्याकडे. पण आपल्या सूत्रात कृत आहे, तसं कारित आणि अनुमोदनही आहे. आपण करत नसलो तरी आपल्यासाठी होतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जमिनीतून नवं सोनं काढणं याहून फार महाग पडतं, पृथ्वीकायिक जीवांना आणि माणसांनाही. एक टन दगड फोडून त्यातून काही ग्रॅम सोनं मिळालं तरी खाण चालवतात. १८८७ साली ग्लासगोत मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी सायनाइडने सोनं विरघळवण्याची रीत शोधली आणि त्यानंतर असला हलका दगडही परवडू लागला. आपल्या शेजारच्या कर्नाटकात कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या. पण सोनं काढून झालेल्या दगडाच्या भुकटीची टेकाडं गावाभोवती अजून उभी आहेत. तिथले लोक त्यांना सायनाइड डंप म्हणतात. वारा सुटला की ती धूळ घराघरांत शिरते. आणि त्या टेकाडांतही थोडं सोनं शिल्लक आहे, ते काढण्याच्या योजना आता चालू आहेत. म्हणजे न्यारियाचंच काम, फक्त परात डोंगराएवढी.

तेव्हा जुनं सोनं पुन्हा वापरात आणणं वाईट नाही, उलट चांगलंच आहे. प्रश्न फक्त एवढाच, की ते करताना कुणाची छाती खर्ची पडते.

आपल्या कपाटातही हा इतिहास आहे. खरी जर म्हणजे चांदीची बारीक तार, रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, वर सोन्याचा मुलामा. आजीचा शालू विरला की जुनी जर घेणारा दारावर यायचा. तो साडी जाळायचा आणि राखेतून चांदी काढायचा. इस्पितळातल्या जुन्या एक्स-रे फिल्मवरही चांदी असायची, आणि फिल्म धुतलेल्या हायपोच्या पाण्यात ती उतरायची, म्हणून ते पाणीही विकत घेणारे होते. आता त्यांची जागा मोबाइल आणि संगणकांनी घेतली आहे. त्यांच्या पाट्यांवर सोन्याचा पातळ थर असतो, आत चांदी आणि तांबं असतं. पितळेच्या भांड्यांसाठी आपल्याला माहीत असलेल्या मुरादाबादमध्ये रामगंगेच्या काठी या पाट्या उघड्यावर जाळल्या गेल्या, तेजाबात बुडवल्या गेल्या, आणि उरलेलं पाणी नदीत गेलं. हे काम करणाऱ्यांत बायका आणि मुलंही होती. आपण बोहारणीला किंवा भंगारवाल्याला शंभर-दोनशे रुपयांत दिलेला बंद मोबाइल अशाच एखाद्या अंगणात पोहोचू शकतो.

मी माझ्या घरापुरतं काय ठरवलं आहे, ते सांगते. पटलं तर बघा.

बंद पडलेला मोबाइल, चार्जर, मिक्सर भंगारात द्यायचा नाही. १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत, त्यानुसार नोंदणीकृत केंद्रालाच द्यायचा. पैसे कमी मिळतात, कधी मिळतही नाहीत. चालेल. जुनी जर दारावर विकायची नाही. जोपर्यंत टिकते तोपर्यंत काठ काढून दुसऱ्या वस्त्राला लावायचा, नाहीतर पूजेच्या रुमालाला. आणि सोनं मोडायचं असेल तर सराफाला दोन प्रश्न विचारायचे. पहिला, घट कशाच्या आधारावर धरली? वितळवून तपासल्याची पावती मागायची. हॉलमार्क केंद्रात आजही सोनं तपासायला ते शिशात गुंडाळून राखेच्या छोट्या वाटीत तापवतात, मग तेजाबात उकळतात आणि उरलेलं तोलतात. फेरूला दाखवलं असतं तर त्याने पहिली अर्धी रीत लगेच ओळखली असती. दुसरा प्रश्न, तुमच्याकडची गलाई कुठे होते आणि तिथे धूर ओढून घेणारी सोय आहे का?

दुसऱ्या प्रश्नावर सराफ चमकून बघतो. आमच्याकडच्याने तर विचारलं, “ताई, तुम्हाला काय करायचंय?” मी म्हटलं, “दादा, माझ्या बांगडीचा धूर आहे तो, म्हणून विचारते.” त्याला उत्तर देता आलं नाही, पण पुढच्या वेळी गेले तेव्हा त्याने आपणहून सांगितलं की गलाईवाल्याला विचारलं होतं आणि पंखा आहे म्हणाला. नुसता पंखा पुरेसा नाही, हे मलाही कळतं. पण चार जणींनी विचारलं तर पंख्याच्या जागी चिमणी येईल, आठ जणींनी विचारलं तर धूर पाण्यातून धुऊन सोडायची सोय येईल. सराफ गिऱ्हाइकाचं ऐकतो, आणि सोन्याच्या दुकानात गिऱ्हाईक आपण बायकाच असतो.

आणि सगळ्यात सोपा उपाय तर आपल्या व्रतांतच आहे. परिग्रहाचं परिमाण ठरवलं, फॅशन बदलली म्हणून दर पाच वर्षांनी दागिना मोडणं थांबवलं, की तेवढी मूस कमी तापते, तेवढा धूर कमी होतो. आजीच्या पाटल्या जुन्या वाटतात म्हणून मोडू नका. तशाच घाला.

‘समयसारा’त आचार्य कुंदकुंदांनी तापलेल्या सोन्याचा दृष्टांत दिला आहे. कितीही तापवलं तरी सोनं सोनेपण सोडत नाही, तसा ज्ञानी आपलं ज्ञान सोडत नाही. प्रवचनात हा दृष्टांत आपण किती वेळा ऐकला असेल. यापुढे तो ऐकताना भट्टीसमोर बसलेल्या माणसाचीही आठवण ठेवूया. सोन्याला आगीचं काही होत नाही, त्याला होतं.

तुमच्या घरात, माहेरी किंवा ओळखीत कुणी गलाईचं, झाऱ्याचं, जरीचं काम केलं असेल तर मला जरूर लिहा. फेरूची पानं कुणीतरी जपली म्हणून आपल्याला मिळाली. या माणसांची पानं अजून कुणी लिहिलेलीच नाहीत.

जय जिनेंद्र.